चावी काढल्यावरही

माझी जुनी विलायती स्पोर्ट्स कार चावी काढल्यावरही इतका वेळ खोकत राहते, की तेवढ्यात माझी दाढी होते, चहा होतो आणि शेजारी दोनदा भांडून जातात. मेकॅनिक सलीमभाई म्हणाले, "साहेब, इंजिनात काजळी साचलीय. तीच निखारा होऊन पेट्रोल पेटवत राहते. ब्रेक दाबून चौथा गिअर टाका आणि क्लच सोडा, गप्प बसेल."

तसं केलं. एक हिसका देऊन गाडी थांबली, आणि त्या शांततेत धाकटा भाऊ आठवला. वडिलांची ही गाडी कोणाची, यावरून आम्ही भांडलो होतो. "दादा, तूच ठेव," म्हणत त्याने चावी माझ्या हातात दिली. भांडण तिथेच संपलं होतं. मी मात्र पुढे तासभर बोलत राहिलो.

तो पुन्हा आला नाही. तो शेजारी बसायचा, ती डावीकडची सीट मी रोज पुसतो.