सेक्रेटरींच्या कॉम्प्युटरमधलं माझं फोल्डर

फोल्डर लपवायला अक्कल लागत नाही. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'हिडन'वर टिक, ओके. डोळ्यांदेखत गायब. मी हे आमच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवर केलं, कारण त्या एका कॉम्प्युटरवर दोन सरकारं चालायची. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. नोटिसा, मिनिट्स, पार्किंगची भांडणं, सगळं त्याच्यावर. मी घरकामगार बायकांच्या संघटनेत, आमची पत्रकंही त्याच्यावरच. सकाळी बाबा नोटीस टाइप करायचे आणि दुपारी त्याच कीबोर्डवर मी त्या नोटिशीविरुद्ध पत्रक.

नोटीस अशी होती: 'घरकाम करणाऱ्या महिला, डिलिव्हरीची मुले आणि पाळीव कुत्री यांनी मागील लिफ्ट वापरावी.' भाषा बघा. एका वाक्यात बाई, पोरगं आणि कुत्रं. आणि मागची लिफ्ट? ती दिवाळीच्या आधीपासून बंद. खराडीतल्या आमच्या सोसायटीत लोक घरात बसून सातासमुद्रापारची सॉफ्टवेअर चालवतात, पण मागची लिफ्ट चालवणं कुणालाच जमत नाही.

"हे तुम्ही लिहिलंत?" मी बाबांना विचारलं.

"टाइप केलं. ठराव कमिटीचा."

"बोटं तुमची ना?"

"चहा टाकतेस का जरा?" हे बाबांचं उत्तर.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आठव्या मजल्यापर्यंत जिना चढायच्या. गुडघे कामातून गेलेले. मधल्या एका लँडिंगवर टेकायच्या, तिथेच मी त्यांना विचारून फोटो काढले, व्हिडिओ घेतला. बोलायला लागल्या की त्या कुणाला ऐकत नाहीत. "कुत्र्याला उचलून घेतलं की पुढच्या लिफ्टनं नेत्यात, चालतंय. आता मला कोन उचलून घेनार, सांगा!" आम्ही दोघी हसलो. मग त्यांनी पदर तोंडावर ओढला. "पर ताई, माझं तोंड कुनाला दावू नका. चार घरं हायेत माझी हितं."

चार घरं. प्रश्न तेवढाच होता. पत्रकात चेहरा पुसून टाकणार होते, पण मूळ फोटो कॉम्प्युटरवर होते. कमिटीला पत्ता लागला असता, तर गेटच्या अ‍ॅपवर मावशींची एंट्री ब्लॉक. चौकशी नाही, नोटीस नाही. वॉचमनला त्यांच्या नावापुढे लाल दिसणार आणि तो म्हणणार, "मावशी, मी काय करू?" म्हणून टिक केली.

रविवारी कमिटी आमच्या हॉलमध्ये बसते. टायपिंग नेहमी बाबा करतात. त्या दिवशी टँकरच्या बिलांचा तक्ता खजिनदारकाकांनी स्वतः करायला घेतला. काका रिटायर्ड. त्यांच्या ऑफिसात एकदा पेनड्राइव्हमधून व्हायरस आला होता, तो सगळ्या फाइली लपवून टाकायचा. तेव्हापासून काका कुठल्याही कॉम्प्युटरवर बसले की आधी 'हिडन आयटम्स' चालू करून बघतात. लोक झोपण्याआधी गॅस बघतात ना, तसं. मला हे ठाऊक नव्हतं. मी पोहे घेऊन बाहेर आले आणि स्क्रीनवर माझं फोल्डर उगवलेलं. फिकट, पण आहे.

"बघा! लपलंय म्हणजे व्हायरसच," काका म्हणाले.

"काका, ते माझं आहे."

"तुझं आहे तर लपलंय कशाला?" म्हणाले आणि उघडलं.

मावशी. जिन्यात बसलेल्या मावशी, ओळीने, स्क्रीनभर. शेवटच्या फोटोत हसतायत.

"या तर आमच्याकडच्याच," अध्यक्षबाई म्हणाल्या.

काका खुर्चीसकट बाबांकडे वळले. "सेक्रेटरी, विरोधी पक्षाचं कार्यालय तुमच्याच घरात का? भाडं तरी लावा."

कुणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी प्लेट खाली ठेवली. "आपल्या इमारतीत बसून आपल्याविरुद्ध शूटिंग? हा सिक्युरिटीचा प्रश्न आहे. एंट्री ब्लॉक करा, आत्ताच. लॉगिन तुमच्याकडे आहे ना?"

"शूटिंग मी केलंय," मी म्हणाले. "मला ब्लॉक करा."

"तू रहिवासी आहेस गं," त्या अगदी प्रेमाने म्हणाल्या.

यापेक्षा नागडा अन्याय मी कुठल्या मोर्चात पाहिलेला नाही.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत पुसला. माझं लक्ष त्यांच्या मोबाइलवर. हात तिकडे गेला असता तर मी काय केलं असतं, कोण जाणे.

"आजच्या अजेंड्यावर हा विषय नाही," बाबा म्हणाले.

"अहो, एक बटण दाबायचंय!"

"बटण आहे. विषय नाही. रीतसर नोटीस काढतो, पुढच्या मिटिंगला घ्या. पोहे गार होतायत."

माझं डोकं फिरलं. सगळे गेल्यावर मी बाबांवर तुटून पडले. चूक आहे म्हणायचं, तर अजेंडा? ही काय हिंमत झाली?

"तुझ्या घोषणेनं बटण थांबलं असतं का?" त्यांनी विचारलं.

थांबलं नसतं. पण मला ते आजही पटत नाही. बाईच्या पोटाचा प्रश्न अजेंड्याच्या आडोशाला उभा राहतो, याचं कौतुक मी करणार नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींना सगळं सांगितलं. वाटलं, कमिटीच्या नावाने बोटं मोडतील. त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"पुसा ते. माझ्याम्होरं पुसा."

"मावशी, पत्रकात चेहरा दिसणारच नाहीये. आणि फोटोशिवाय लोकांना कळत नाही..."

"तुमचं पत्रक वाटून हुईल, ताई. काम माझं जाईल."

मी फोल्डर पुसलं. रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली. मावशी खुर्चीमागे उभ्या राहून बघत होत्या. "आता परत यायचं न्हाई ना?" त्यांनी दोनदा विचारलं.

मग पत्रक लिहायचं कुणाच्या तोंडून? माझ्याच. रोज रिकाम्या हाताने लिफ्टमधून वर जाणारी, धडधाकट गुडघ्यांची मी. खाली लिहिलं, 'एक रहिवासी'. बाबांनी उभ्या उभ्या वाचलं.

"नाव टाक. फ्लॅट नंबर टाक. निनावी कागद फाइलला लागत नाही."

"फ्लॅट तुमचा आहे. सेक्रेटरी तुम्ही आहात."

"मला माहीत आहे. टाक."

टाकला. दारोदार वाटलं. काहींनी माझ्यासमोर चुरगाळलं, काहींनी निदान दार लावायची वाट पाहिली. आता फलकावर मिटिंगची नोटीस लागली आहे, बाबांनीच टाइप केलेली. विषय पहिला, मागील लिफ्ट दुरुस्ती. विषय शेवटचा, 'घरकाम करणाऱ्या महिलांचा प्रवेश'. मिटिंग व्हायची आहे. हात वर करणारे किती निघतील, ते मोजून मोजून माझी झोप उडाली आहे.

रोज सकाळी मी खाली जाते आणि पुढच्या लिफ्टचं दार पायाने अडवून उभी राहते. मावशी गेटमधून येतात. आज अजून आत येता आलं, हे आधी त्यांच्या चालण्यात दिसतं. त्या माझ्याकडे बघतात, लिफ्टकडे बघतात.

"आधी मिटिंग हू द्या," म्हणतात आणि जिन्याला लागतात.

मी दार सोडते आणि त्यांच्या मागून चढायला लागते.