गाठीच्या खालचं पाणी

मे महिन्यात बुलढाण्याला कोण फिरायला जातं, असं पुण्याच्या ऑफिसात विचारून झालं. मी भूजलाचं काम करते, पण ही सुट्टी होती. होस्टेलमधली मैत्रीण नीलिमा म्हणाली होती, "आमच्या घरी जाऊन ये, सातपुडा दिसतो. आणि तुझं मीटर ने. दादाला विहिरीत मोटार टाकायची आहे." शेवटचं वाक्य मी फारसं मनावर घेतलं नाही.

रेल्वेने सकाळी शेगाव. स्टेशनबाहेर कचोरी खाऊन घ्या, पुढे दुपारपर्यंत काही मिळेलच असं नाही. तिथून सोनाळ्याची एसटी. बायकांना अर्धं तिकीट. खिडकी डावीकडची धरा, उन्हं उजवीकडून येतात. पूर्णा ओलांडली की दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली जमीन सुरू होते. हा खारपाणपट्टा. जमिनीखाली पाणी आहे, पण खारं.

सोनाळ्याच्या अलीकडे उतरले. गावाचं नाव देत नाही. नीलिमाच्या आईने, काकूंनी, ओसरीतले दोन माठ दाखवले. "डाव्यातलं पे. दुसऱ्यातलं खारं, त्यात तुरीची डाय बी शिजत नाही."

डाव्या माठातलं पाणी घरामागच्या विहिरीचं. अख्खी गल्ली तेच पिते. पावसाळ्यात शेतातलं पाणी गाळून या विहिरीत सोडतात. पावसाचं पाणी हलकं, खारं जड. म्हणून गोडं वर तरंगत राहतं. "पयले पाऊस आठ-आठ दिवस झिमझिम चालाचा, जमीन पेत होती," काकू म्हणाल्या. "आता दोन घंट्यात सारा पडते अन् नाल्यानं पूर्णेत जाते." म्हणजे वरचा गोडा थर वर्षागणिक पातळ होतोय. हे मला ऐकताक्षणी कळायला हवं होतं.

चार वाजता काकू आणि मी विहिरीवर गेलो. नीलिमाचा भाऊ गजानन आणि मोटार बसवणारे रशीदचाचा वायर जोडत होते. काठावर काकूंनी भरून ठेवलेली बादली होती. पाण्यातले क्षार मोजणारं मीटर बुडवलं. चारशे ऐंशी.

"काय म्हन्ते मीटर?" गजाननने विचारलं.

"गोडं आहे. पिण्याजोगं."

"मंग झालं. चाचा, सोडा खाली. आईचा खांदा दोनदा उतरला बादल्या ओढून, आता बस."

मोटार तळाशी गेली आणि सुरू झाली. टाकीत पाणी पडू लागलं, गल्लीतल्या बायका हंडे घेऊन आल्या. "पुन्याच्या पोरीनं पास केलं हो पानी," एक म्हणाली, "आता आपली जीभ कायले पाह्यजे?"

काकूंनी हंडा आणला नव्हता. त्या नेहमीसारखी गरगडीच्या चाकावरून बादली सोडत होत्या. दोराला एका जागी लाल चिंधीची गाठ होती. गाठ गरगडीशी आली तशी त्यांनी दोर थांबवला. बादलीच्या खाली अजून बरंच पाणी होतं.

"ही गाठ कशाची?"

"याच्यापुढं दोर सोडत नाही. खालचं खारं. दर पाडव्याले चाखून बांधतो. औंदा खारं तीन हात वर आलं."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुह्या मीटरले ठाव असन म्हटलं."

मी बादलीतलं पाणी तपासलं होतं. बादली गाठीपर्यंतच जाते. विहीर मी तपासलीच नव्हती.

टाकीकडे धावले. नळाखाली मीटर धरलं: नऊशे. मिनिटभराने चौदाशे. "बंद करा."

"काऊन? आताच तं सुरू केली," गजानन म्हणाला.

"मोटार खालून ओढतेय. खारं वर चढतंय. माझी चूक आहे, आधी बंद करा."

त्याने माझ्याकडे नाही, आईकडे पाहिलं. रशीदचाचांनी कोणाची वाट न पाहता बटण दाबलं. "भाई, मोटार तं उद्या बी बसंन," ते म्हणाले. "हीर नासली तं नवी नाही बसत."

दगड बांधून बाटली तळाशी सोडली: तीन हजारांच्या वर. मग काकूंची वरची बादली: सातशे दहा. त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं मात्र नाही. हंडे घेऊन आलेल्या बायका तशाच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सातपुड्याकडे गेलेच नाही. सकाळी वरचं पाणी सहाशे नव्वद. काकूंनी जुनी गाठ सोडली आणि दोन हात बादलीकडे सरकवून बांधली. मोटारीचं काय, यावर गजानन म्हणाला, "तरंगती टाकू, गाठीच्या वर. थोडी थोडी चालवू." मी हो म्हटलं, पण पाऊस पडून विहीर भरल्याशिवाय नाही, हेही म्हटलं. या वेळी तो काकूंकडे बघून थांबला. त्यांनी मान हलवली. तोवर दोर गजानन ओढणार.

मीटर तिथेच ठेवून आले. तुम्ही त्या भागात गेलात तर दोन माठांतला फरक विचारा आणि विहिरीचा दोर बघा. मग मोजायला घ्या.

आता दर रविवारी गजानन आकडा कळवतो. काल सहाशे चाळीस. चारशे ऐंशीला अजून आलेलं नाही, आणि पाऊसही नाही. माझ्या वहीत पहिली नोंद तशीच आहे, खोडलेली नाही. शेजारी लिहिलंय: फक्त गाठीच्या वरचं पाणी. खालचं तपासलं नव्हतं.