घोंगडीतले टायर

आमचे आप्पा माझ्या गाडीत बसत नाहीत.

एस.टी.त बसतात, कुणाच्याही मोटरसायकलवर मागे बसतात, पिकअपमध्ये कांद्याच्या गोण्यांवर मांडी घालून बसतात. फक्त माझी गाडी वर्ज्य! चार वर्षांपूर्वी आळेफाट्याहून खोडदला येताना मी त्यांना वळण कसं कापायचं असतं, याचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. (त्यांनी मागितलं नव्हतं.) घरापाशी उतरल्यावर ते एवढंच म्हणाले, "आरं, मेंढरू बी वळताना आधी बघतंय." त्या दिवसापासून नारायणगावच्या बाजाराला जायचं असलं, तरी हे पंचाहत्तरीचे गृहस्थ एस.टी.ची वाट बघत उभे राहतात आणि मी त्यांच्यासमोरून रिकामी गाडी घेऊन शाळेत जातो. बाप एस.टी.ला आणि लेक गाडीत, लोक बघतात. मला लाज वाटते.

म्हणून आणे गावाजवळच्या पठारावर ऑटोक्रॉस होणार असं कळलं, तेव्हा मी ठरवलं की आप्पांच्या डोळ्यांदेखत गाडी चालवून दाखवायची. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या आवारात उंच टोपीसारखे लाल प्लॅस्टिकचे कोन मांडायचे आणि घड्याळ लावून एकेकाने त्यांच्यामधून नागमोडी गाडी पळवायची. जेमतेम मिनिटभराचा मामला. एका बंद पडलेल्या गोदामाचं काँक्रीटचं आवार त्यासाठी ठरलं होतं. मी पहिला आलो की आप्पा मुकाट्याने गाडीत बसतील, असा माझा साधा हिशोब होता.

राहता राहिले टायर. टायरवाले बाळूभाऊ स्वतः हौशी माणूस. त्यांनी दोन प्रकार समोर ठेवले.

"मास्तर, ह्ये ट्रॅकचं. ट्रॅकवर पंधरा-वीस मिनटं सलग पळायचं आसतंय. दोन फेऱ्या मारल्या की ह्ये तापतंय, आन् तापलं की रस्ता सोडत न्हाई. ह्ये दुसरं ऑटोक्रॉसचं. मऊ हाय, गार आसलं तरी पयल्या वळणापासून धरतंय. तुमची शर्यत मिनिटाची. ट्रॅकचं टायर तापंस्तवर तुमी घरी जाऊन जेवाल, राव!"

इतकं स्वच्छ सांगितल्यावर शहाण्या माणसाने कोणते घेतले असते? मी ट्रॅकचे घेतले. ते रुंद होते, काळेभोर होते आणि त्यांच्यावर नक्षी जवळजवळ नव्हतीच. बघूनच छाती फुगत होती.

माझ्या बायकोने, सुरेखाने, टायरवर बोट फिरवलं. "लोकं टायर गुळगुळीत झाले की बदलतात. तुमी गुळगुळीतच इकत आणले?"

"ते तापले की चिकटतात."

"आन् तापवणार कसे? तव्यावर?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मोठ्या शर्यतींत टायरना आधी पांघरुणात गुंडाळून ठेवतात, हे मी मोबाईलवर स्वतः पाहिलं होतं. आणि पांघरुणांची आमच्या घरात काय कमी! आप्पांची निम्मी हयात मेंढरांमागे गेली. मेंढरं विकली, शेती आली, पण आपल्याच मेंढरांच्या लोकरीच्या चार घोंगड्या अजून ट्रंकेत होत्या. ज्या घोंगडीने पौषातल्या रात्री माणसं जगवली, ती चार टायर तापवणार नाही? मला त्या कल्पनेचा भयंकर अभिमान वाटला. परदेशी माणसाला हे सुचणार नाही, असंही मी सुरेखाला ऐकवलं.

आप्पांनी मात्र घोंगड्या द्यायला एक अट घातली. "माझ्या घोंगड्या जिथं, तिथं मी." मला हेच तर हवं होतं! शर्यतीच्या दिवशी भल्या सकाळी, कडाक्याच्या थंडीत आमची वरात निघाली. पुढे गाडीत मी आणि सुरेखा, साध्या टायरवर. मागे बाळूभाऊंच्या पिकअपमध्ये घोंगडीत गुंडाळलेले चार टायर आणि त्यांच्या शेजारी नुसत्या सदऱ्यावर कुडकुडणारे आप्पा.

आण्याला पोचल्यावर बाळूभाऊंनी टायर चढवून दिले. ते दुसऱ्या गाड्यांकडे वळल्याबरोबर मी प्रत्येक चाकाला पुन्हा घोंगडी बांधली. ऊन वर आलं. बाकीच्यांचे टायर उघडे उन्हात उभे होते. मला त्यांची कीव येत होती. तीन तास मी घोंगडीचं टोकसुद्धा हलू दिलं नाही. "आतली ऊब जाईल," असं बघायला येणाऱ्यांना सांगत होतो. आप्पा सावलीत बसून हे सगळं बघत होते.

नंबर आला. घोंगड्या काढल्या, झेंडा पडला, मी गाडी सोडली आणि पहिल्याच कोनापाशी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. गाडीला हा निर्णय मान्य नव्हता. ती सरळ गेली! एक कोन उडाला, दुसरा आडवा झाला, तिसरा गाडीखाली अडकून खरडत बरोबर आला. मी घाबरून ब्रेक दाबला, तशी गाडी गर्रकन फिरली आणि जिथून निघालो होतो तिकडेच तोंड करून उभी राहिली. माझ्या कोपराखाली हॉर्न दाबला गेला होता, तो वाजतच होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मी मुद्दाम केलं.

गाडी कडेला लावली. आप्पा उठून आले, खाली वाकले आणि आजारी मेंढराचा कान चाचपावा तसा टायरला तळहात लावला.

"गारठलंय की रं!"

"असं कसं? सकाळपासून घोंगडीत आहे!"

"म्हणून तर. घोंगडी ऊब देती व्हय? आपल्या आंगातली ऊब ती धरून ठिवती. टायरला कुठलं आंग? सकाळचा गारठा तू आत बांधून ठिवलास. मेलेल्या मेंढराला चार घोंगड्या घातल्या, तर उठून बसंल का त्ये?"

तेवढ्यात बाळूभाऊ आले. "आवो मास्तर, मोबाईलवरच्या त्या पांघरुणाला वायर आसती. करंटवर तापतंय त्ये!"

सुरेखाने शांतपणे विचारलं, "आठवीला उष्णतेचा धडा कोण शिकवतं वो?"

मी आप्पांकडे वळलो. "आप्पा, मग सकाळीच का नाही बोललात?"

"तू इचारलंस कुठं?"

खरं होतं. ज्यांनी ती लोकर कातरली, ज्यांनी ती घोंगडी उभा जन्म पांघरली, त्यांना सोडून मी मोबाईलला विचारलं होतं. ते मला लागलं. अजूनही लागतं.

दुसरी फेरी बाकी होती. मी मान खाली घालून गाडीत बसतोय, तोच शेजारचं दार उघडलं. आप्पा!

"आप्पा, तुम्ही?"

"शेजारी माणूस चालतंय ना? मग चल. एकला जाऊन कुठं धडकशील. तितं बसून बघवत न्हाई मला."

चार वर्षं मी समजत होतो की आप्पांना माझ्या गाडीत स्वतःच्या जिवाची भीती वाटते.

आयोजकांनी सांगितलं, शेजारी बसणाऱ्यालाही हेल्मेट लागेल. चार माणसांत आप्पांनी फेटा उतरवलेला मी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी तो उतरवला, घडी करून सुनेच्या हातात दिला आणि पिकल्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. माझे डोळे भरून आले. (हेल्मेटमध्ये डोळे पुसता येत नाहीत, हे तेव्हा कळलं.)

झेंडा पडला. मी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला आणि शेजारी बघितलं. आप्पांनी दोन्ही हातांनी दाराची मूठ धरली होती, पण उतरायचं म्हणत नव्हते. मी पाय उचलला. दुसऱ्या गिअरच्या वर गेलोच नाही. "आता डावीकडं... दमानं... त्या लाल टोपीला लागू दिऊ नगं," असं आप्पा सांगत होते आणि मी वळत होतो. घड्याळवाल्याने शेवटी विचारलं, "मधे बंद पडली व्हती का?" मी शेवटून पहिला आलो. पण एकही कोन पडला नव्हता.

आप्पा खाली उतरले, फेटा बांधला आणि भेटेल त्याला सांगत सुटले, "समद्यांनी काय ना काय पाडलं. आमच्या पोरानं एकाला बी धक्का लावला न्हाई!" घरी परतताना ते आपण होऊन माझ्या शेजारी बसले, सुरेखा मागे बसली आणि घोंगड्या पिकअपमधून एकट्या आल्या.

त्यांनी ही बातमी गावभर पोचवली. परिणाम असा की, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलेले आमच्या गावचे सगळे म्हातारे आता तपासणीला माझ्याच गाडीतून जायचा हट्ट धरतात. मास्तरच्या गाडीत डोळ्याला धक्का बसत नाही म्हणे! गेल्या आठवड्यात मात्र मागे बसलेल्या एका आजोबांनी हिरवी पट्टी सावरत, भीत भीत माझ्या खांद्याला हात लावला.

"मास्तर, राग धरू नगा. जरा पळवली तर जमंल का? दवाखाना बंद व्हईल."