वरच्या न्हाणीचं पाणी

आमच्या गावच्या गरम झऱ्यावर गोऱ्या साहेबांनी बांधलेलं हॉटेल अजून उभं आहे. झऱ्याचं पाणी आधी हॉटेलच्या दगडी न्हाणीत जायचं. साहेबांचे सांधे शेकून झाले की तेच पाणी मोरीतून खालच्या कुंडात उतरायचं. ते कुंड गावाचं. माझी आत्या लहानपणी खरजेसाठी त्यात बसायची, वरचा साबणाचा फेस हाताने बाजूला सारून.

परवा तिचे गुडघे शेकायला तिथे नेलं, तर कुंडाला निळ्या फरशा बसवलेल्या आणि आत शहरातले पाहुणे डोळे मिटून पडलेले. आम्हाला वरची जुनी न्हाणी मिळाली.

"हे पाणी जातं कुठं गं?" आत्याने न्हाणी दाखवणाऱ्या बाईला विचारलं.

"पहिल्यासारखंच, आजी. खाली."

बाई गेल्यावर आत्याने टाचा घासल्या, काखा घासल्या, डोक्याला शिकेकाई चोळली आणि दोनदा खाकरून थुंकली. खालची माणसं काही ते साहेब नव्हेत, हे मला कळत होतं. पाणी कुणावर डूख धरत नाही, असंही मनात आलं. तरी मोरीचा बोळा मीच ओढला.

थोड्या वेळाने खालून आवाज आला, "अहाहा! काय गुण आहे या पाण्याला!"