चालत्या हाताकडची गाठ

आईची उजवी बाजू गेली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. लावणी आटोपून आठ दिवस झाले होते. कापडे गावातल्या आमच्या घराच्या पडवीत ती तांदूळ पाखडत होती, ती बसल्या जागी कलंडली. महाडच्या दवाखान्यात तीन आठवडे काढून घरी आणली. जीव वाचला होता, पण उजवा हात नुसता लोंबत होता आणि पाय ओढावा लागत होता. जीभ जड झालेली. थोडेच शब्द स्पष्ट यायचे, त्यातला एक ‘नाय’.

नर्सने सांगितलं होतं, आता मॅक्सी घाला, तुम्हालाही सोपं, त्यांनाही सोपं. मी येतानाच दोन घेतल्या. आईने पहिली डाव्या हाताने ओढून गळ्याशी फाडली.

“लुगडं,” ती म्हणाली. “लुगडं दे.”

जन्मभर ती नऊवारीच नेसली. आत परकर नाही, कुठे पिन नाही. कमरेला एक गाठ आणि मागे खोचलेला कासोटा, एवढ्यावर ती दिवसभर चिखलात वाकायची, डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणायची. मला मात्र पाचवारीसुद्धा धड नेसता येत नव्हती. मी पंजाबी ड्रेस घालणारी.

रोज सकाळी बाबा तिला मागून काखेत हात घालून उभी करत आणि आपलं तोंड भिंतीकडे वळवत. मी गुडघ्यांवर बसून गाठ मारायची, निऱ्या खोचायची, कासोटा मागे न्यायची. तोवर बाबांना तिचा भार पेलेनासा होई. आई बारीक झाली होती, कमरेवर काही ठरतच नव्हतं. चार पावलं टाकली की सगळं खाली. एकदा चौथ्यांदा सुटलं तेव्हा मी ओरडले, “मर मग अशीच!” बाबांनी ऐकलं. आईनेही ऐकलं. ते मला अजून सोसत नाही.

पुढच्या तपासणीला महाडला जायचं होतं. शहरात जायचं म्हणून आईने ठेवणीतलं नायलॉनचं लुगडं मागितलं. ते गुळगुळीत, हातात धरवत नाही असं. मी घट्ट आवळून गाठ मारली. एसटीत ती नीट बसली. महाडच्या स्टँडवर उतरली, दोन पावलं चालली आणि लुगडं एकदम पायांत उतरलं.

भर गर्दीत आई उभी. डावा हात बाबांच्या खांद्यावर, तो सोडला तर पडणार. उजवा हात उचलत नाही. मी खाली बसून कापड गोळा करत होते आणि माझ्या बोटांना काही सुचत नव्हतं. आईच्या तोंडून एक आवाज निघत होता. तो रडण्याचा नव्हता. तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

तुडीलच्या गाडीची वाट बघत असलेली एक बुरख्यातली बाई पुढे आली. तिने बरोबरच्या मुलीची ओढणी ओढून घेतली आणि आईभोवती धरली. “बाबा, तुमी बाजूला व्हा. गो पोरी, उचल तिला.” आम्ही आईला बायकांच्या खोलीत नेऊन बाकावर आडवी केली.

“उभी करून नेसवतेस?” तिने विचारलं.

“हो.”

“म्हणून सुटतंय. माझी सासू पाच वरसं अशीच होती, लुगडंच नेसायची. आडवी करून नेसवायचं. आधी सुती पट्टा बांध, त्यावर लुगडं आवळ. हे नायलॉन नको, सुती धरून ऱ्हातं.” तिने ओढणीची पट्टी फाडली, आईला एका कुशीवर वळवलं, पट्टा बांधला. मग माझा हात धरून आईच्या डाव्या कमरेवर ठेवला. “गाठ चालत्या हाताकडं घे. सैल झाली तर तिची तिला कळली पायजे.”

तिची गाडी लागली. मुलगी बिनओढणीची, लाजत तिच्या मागे धावली. मी आभारही मानले नाहीत.

त्या दिवशी आम्ही दवाखान्यात न जाताच परतलो. आईने दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. महिनाभर ती उंबऱ्याबाहेर आली नाही. शेजारच्या बायका आल्या की डोळे मिटून घ्यायची. मी मात्र रोज आडवी करून, पट्टा बांधून सुती लुगडं नेसवत राहिले. सुटत नव्हतं. हळूहळू बाबांचं काम फक्त कुशीवर वळवण्यापुरतं उरलं. एका सकाळी मी गाठ मारत असताना आईने डाव्या बोटांनी ती चाचपली आणि म्हणाली, “घट्ट गो.”

त्यानंतर ती महाडला यायला तयार झाली. स्टँडवरून दवाखान्यापर्यंत बाबांना धरून चालली, कापड जागचं हललं नाही. डॉक्टरांनी तिचा हात उचलून पाहिला, बोटं दाबली, सुई टोचली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “या हातात आता काही येणार नाही.”

मला वाटलं आईला समजलं नसेल. तिने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, त्यावर पदर ओढला आणि म्हणाली, “चल. गाडी जाईल.”