४.३ हा आकडा पुन्हा द्यायचा नाही

रणपिसे मॅडमच्या टेबलाशी पेनड्राइव्ह घेऊन कुणीही गेलं, की त्या मान वर न करता एकच विचारायच्या, "कच्चं का पक्कं?" उत्तराला जरा उशीर झाला तर पेनड्राइव्हला हातही लावायच्या नाहीत. "जा, आधी विचारून ये." कंपनीत लागलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला असं परत पाठवलं, आणि मला त्यांचा मनापासून राग आला. आज राग येतो तो दुसऱ्याच माणसांचा, आणि तो अजून उतरलेला नाही.

शिक्रापूरला हायवेवर, टायरच्या दुकानाच्या वर आमची छोटी कंपनी होती. खालून कंटेनर गेला की खिडकीच्या काचा वाजायच्या. सणसवाडीच्या कारखान्यांत पत्रा कापणारी प्रेस मशिनं असतात, ती चालवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. कामगाराचा हात आत गेला तर मशीन तिथल्या तिथं थांबवणं, हे त्यातलं सगळ्यात मोठं काम. मॅडम त्या कामाच्या प्रमुख आणि मी कारखान्यात जाऊन ते मशिनवर चढवून देणारा. मालक शिरूरचे, त्यांना सगळे दादा म्हणत. सुरुवातीला दादांनी स्वतः प्रोग्रॅम लिहिलेले होते. म्हणजे 'मला कळलं नाही' असं म्हणायची सोय त्यांना नाही.

मॅडम मूळच्या दौंडच्या. वडील रेल्वेत, डबे दुरुस्त करणाऱ्यांत. डब्याखाली माणूस काम करत असला की लाल पाटी लावतात, आणि ज्यानं लावली त्यानंच ती काढायची. साहेब येऊन कितीही ओरडला तरी. मॅडमनी सॉफ्टवेअरला तोच नियम लावला होता. ४.२ ही आवृत्ती बाहेर पडली की पुढचीचं काम सुरू व्हायचं, पण त्याला ४.३ म्हणायचं नाही. पडद्यावर लाल पट्टीत '४.२ नंतरचं कच्चं' असं यायचं. चाचण्या पार पडल्या, मॅडमनी स्वतः पट्टी काढली, की मग ४.३. शेवटी ४.३च व्हायचंय, मग आत्ताच म्हटलं तर काय बिघडतं, असं मी एकदा विचारलं. चिडल्या की त्यांच्या बोलण्यात दौंड उतरायचं. "पोटातल्या लेकराचं बारसं करतंय का कुणी? आधी येऊ दे, रडू दे, मग नाव."

तो नुसता हट्ट नव्हता. एकदा मशिनवर चढवून दिलं, की पुढचं नवं सॉफ्टवेअर आम्ही ऑफिसातून इंटरनेटवरून पाठवायचो. मशीन त्यात फक्त आकडा बघायचं. आलेला आकडा आपल्यापेक्षा मोठा असला तर घ्यायचं. तोच असला तर हे आपल्याकडे आहेच, असं धरून सोडून द्यायचं.

त्या वर्षी दादांनी सणसवाडीच्या एका कारखान्याला शब्द देऊन टाकला, की खंडेनवमीच्या पूजेला तुमच्या मशिनवर ४.३ असेल. मॅडमनी सरळ नाही म्हणून सांगितलं. मशीन पूर्ण वेगात असताना थांबायला उशीर करत होतं, दिवाळीआधी ते निस्तरणार नव्हतं. दादा त्यांच्यासमोर बरं म्हणाले. आणि खंडेनवमीच्या सकाळी तेच कच्चं सॉफ्टवेअर घेऊन स्वतः कारखान्यात गेले. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ, सगळी तयारी झालेली, आणि पडद्यावर लाल पट्टीत 'कच्चं'. ते शुभ दिसेना. दादांनी पट्टी काढली, आकडा ४.३ केला आणि नारळ फोडला. ऑफिसात कुणालाही सांगितलं नाही.

दिवाळीनंतर मॅडमचं खरं ४.३ तयार झालं आणि सगळ्या मशिनवर गेलं. सगळीकडून ४.३ असं उत्तर आलं. सणसवाडीच्या त्या मशिनकडूनही आलं. का नाही येणार, त्या मशिनवर ४.३ लिहिलेलंच होतं. त्यानं नवं घेतलंच नाही. मॅडम खूश होत्या. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी भेळ मागवली होती, हे आठवलं की मला आजही दादांच्या अंगावर धावून जावंसं वाटतं.

त्या मशिनवर रामप्रवेश नावाचा बिहारचा कामगार होता, तिथंच सणसवाडीत खोली घेऊन राहणारा. काही आठवड्यांनी त्याचा हात आत गेला. मशीन थांबलं, पण उशिरा. उजव्या हाताची बोटं गेली.

मॅडम आणि मी लगेच तिथं गेलो. पडद्यावर ४.३ होतं. मॅडमनी आतली फाइल उघडली. ती दसऱ्याच्या आधीची, कच्ची निघाली. त्यांनी मशिनची वीज तोडायला लावली, कुणी हात लावायचा नाही असं बजावलं आणि दादांना फोन केला. दादांनी सगळं कबूल केलं, तेही सहज. सणाच्या दिवशी कच्चं लिहिलेलं बरं दिसेना, म्हणाले.

ऑफिसात परतलो तर दादांनी तोड काढून ठेवली होती. मॅडमनी आपलं चांगलं ४.३ गुपचूप त्या मशिनवर चढवायचं, आकडा तोच. मग कुणीही तपासायला येवो, सॉफ्टवेअर चोख आणि चूक कामगाराची. रामप्रवेशला भरपाई तर नाहीच, वर निष्काळजीपणाचा ठपका. "आकडा तोच राहू द्या मॅडम," दादा म्हणाले, "म्हंजी काय झालंच न्हाई."

मॅडम उभ्या राहिल्या. आवाज चढला नव्हता. "दादा, पाटी मी लावली हुती. माणूस खाली असताना तुम्ही ती काढली. आता तिथं दुसरा डबा आणून उभा करा म्हणताय, म्हंजी खाली कुणी नव्हतंच." मग म्हणाल्या, "४.३ हा आकडा जळाला. तो पुन्हा कुणाला द्यायचा न्हाई. आता जाईल ते ४.४ म्हणून जाईल, आन् ४.३ दोन हुते हे त्यात लिहून जाईल."

आणि त्यांनी तसंच पाठवलं. प्रत्येक कारखान्याच्या पडद्यावर ती ओळ उमटली. सणसवाडीचं ते मशीन, वीज तोडलेली असल्यानं, सरकारी तपासनीस येईपर्यंत होतं तसंच राहिलं, कच्चं सॉफ्टवेअर त्यांना त्यावरच सापडलं आणि रामप्रवेशची भरपाई मंजूर झाली.

दादांनी मॅडमना काढलं. शिवाय सगळ्या भागात सांगत सुटले, की बाईच्या सॉफ्टवेअरनं माणसाची बोटं गेली. आणि लोकांनी ते मानलं! ज्यांच्या मशिनसाठी त्या जेवणाचा डबा तसाच ठेवून धावत गेल्या होत्या, ते म्हणाले, बाई फार तापट होती. माणसाची बोटं गेल्यावर जो थंड राहतो त्याला आमच्याकडे समजूतदार म्हणतात. सणसवाडीपासून शिरूरपर्यंत त्यांना कुणी काम दिलं नाही. त्या दौंडला परत गेल्या, तिथं क्लासमध्ये मुलांना शिकवतात. दादांचं ऑफिस आता दोन मजली आहे.

मीही ती कंपनी सोडली आणि सणसवाडीच्या त्याच कारखान्यात मशिनच्या देखभालीला लागलो. दर खंडेनवमीला मॅडमचा फोन येतो. "माळ घाला, कुंकू लावा. पट्टीला हात लावू नका." एवढं बोलून ठेवून देतात.

नवीन लागलेली पोरं सॉफ्टवेअरचा जुना इतिहास उघडतात आणि विचारतात, ४.४ मध्ये '४.३ दोन होते' असं लिहिलंय, ते काय? मी त्यांना गेटवर पाठवतो. तिथं रामप्रवेश बसतो. येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव तो आता डाव्या हातानं लिहितो.