मेलेल्यांची वही

दार उघडताच सर पहिला प्रश्न विचारायचे, "आज कोणी मेलं का वं?"

नव्या माणसाची पाचावर धारण बसावी असाच प्रश्न. पण ढोबळे सर अद्भुत कादंबऱ्या लिहायचे आणि मी त्यांची मुद्रितं तपासायचे. पाच भागांची ती कथा. त्यात शेदीडशे माणसं, चार राक्षस आणि एक बोलका अजगर. तिसऱ्या भागात खपलेल्या माणसाला सर चौथ्या भागात खुशाल लढाईवर पाठवायचे. म्हणून मी एक वही केली होती. जो मेला त्याचं नाव तिच्यात लाल शाईने लिहायचं आणि तो पुढे कुठे बोलताना सापडला की त्याला काढून टाकायचं. तसा अधिकार सरांनीच मला दिला होता.

जरीपटक्याच्या बाजारात कापडाच्या दुकानावर दोन खोल्यांत ते एकटे राहत. खाली लग्नसराईची झुंबड, वर सर आणि पंखा. नरखेडकडच्या गावाहून संत्र्यांची पेटी यायची. ती एकट्याने संपत नसे, म्हणून निम्मी माझ्या पिशवीत यायची. बोलायला कोणी नसल्यामुळे असेल, पण माझ्यासाठी ते वाक्यंही साठवून ठेवत. एकदा म्हणाले, "माह्या पुस्तकातला अजगर बोलते, ते लोकाइले पटते. माणूस चार-चार दिवस कोणाशी बोलला नाही म्हटलं, त पटत नाही."

जादू म्हणजे नेमकं काय, असं मी एकदा विचारलं होतं. "आपण बाहेरून कडी वाजवावी अन् आतून कोणी 'आली' म्हणावं. बस, एवढीच," ते म्हणाले. मी हसले. तेव्हा हसायला नको होतं.

पाचव्या भागात एका पानावर किल्ल्यातली म्हातारी स्वयंपाकीण दारात उभी राहिली. लढाईवरून परतलेल्या सरदाराला ती एवढंच म्हणत होती, "आधी जेवून घ्या. बाकीचं कुठं पळून नाही राहिलं." मी वही उघडली. म्हातारी तिसऱ्या भागातच वारली होती, नाव लाल होतं. मी तिला वाक्यासकट काढून टाकलं. सरांची नजर तोवर अधू झाली होती. शेवटचं मुद्रित त्यांनी बघितलंच नाही. तू पाहिलंस ना, मग झालं, म्हणाले.

पुस्तक छापून आलं तेव्हा मी पेढे घेऊन गेले. सरांनी कोरी प्रत हातात घेतली, भिंग धरलं आणि थेट तेच पान काढलं. बराच वेळ ते त्या पानावरून भिंग फिरवत राहिले.

"काहून काढलं वं तिले?"

ती तिसऱ्या भागात मेली होती, मी सांगितलं.

"मले मालूम नाही का? मीच त मारली." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "माह्या घरची गेली तवा मी तिसरा भाग लिहून राहिलो होतो. ते वाक्य तिचं होतं. मी विसरलो नव्हतो वं. मुद्दाम आणलं होतं तिले, एका पानापुरतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी एक संत्रं सोललं, अर्धं माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, तुझी वही चांगली आहे, फक्त तिच्यात परत यायची सोय नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी सर गेले. खालच्या दुकानदाराला ते दुसऱ्या दिवशी कळलं. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः कुणाच्या दाराची कडी वाजवताना.

यंदा पाचव्या भागाची दुसरी आवृत्ती निघाली. म्हातारीला मी तिच्या पानावर, तिच्या दारात पुन्हा उभं केलं. दोन दिवसांनी प्रकाशकांचा फोन आला. ही बाई तर आधीच मेली आहे ना, त्यांनी विचारलं.

"मेली आहे," मी म्हटलं. "राहू द्या."